चिनी शिकायला व्हिडिओ कोर्स : ६४ व्हिडिओ, २२ तास, ४,४९९ रुपये. पारखायचा कसा?

टॉवेल_जकार्ड
मंडळी, एक ऑनलाइन कोर्स बघून ठेवलाय. नाव देत नाही, उगाच जाहिरातही नको आणि बदनामीही नको. मँडरिन, अगदी शून्यापासून. ६४ व्हिडिओ, मिळून २२ तास. शिकवणाऱ्या बाई चिनी, समजावणं इंग्रजीत. सोबत पीडीएफ वह्या. पैसे एकदाच, ४,४९९ रुपये. पानावर ठळक लिहिलंय : '९० दिवसांत एचएसके ४', म्हणजे चिनीच्या अधिकृत परीक्षेची चौथी पातळी. पहिले तीन धडे फुकट दिसतात, रिफंड सात दिवसांत.
वापर कशासाठी : सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टॉवेलचं युनिट. मशिनरीवाल्यांशी फोनवर बोलणं, भाव करणं आणि रेपिअर मागाच्या पॅनलवरचं चिनी वाचणं. रोज ४५ मिनिटं निघतील. घ्यावा का?

हळू_वाचक
आधी त्या ९० दिवसांचा हिशेब करू. जुन्या यादीप्रमाणे एचएसके ४ ला १,२०० शब्द लागतात. २२ तास म्हणजे १,३२० मिनिटं. एका शब्दाच्या वाट्याला ६६ सेकंद आले. त्यातच उच्चार, व्याकरण, लिपी आणि बाईंचं 'हॅलो एव्हरीवन'. दिवसाच्या हिशेबाने रोज १३ नवे शब्द, तेही मागचा एकही न विसरता. आणि २०२१ च्या नव्या मानकात चौथ्या पातळीपर्यंत ३,२४५ शब्द आहेत. कोर्स कोणती यादी धरून बोलतोय हे पानावर नसेल तर ईमेलने विचारा. उत्तर गोलमोल आलं तर निम्मा निकाल तिथेच लागला.
आणखी एक. एचएसके १ आणि २ च्या प्रश्नपत्रिकेत चिनी अक्षरांवर पिनयिन, म्हणजे रोमन उच्चार, छापलेला असतो. तिसरीपासून तो जातो. पीडीएफमध्ये शेवटपर्यंत पिनयिन असेल तर तो कोर्स दुसरीच्या पुढे नेत नाही, पानावर काहीही लिहिलेलं असो.
अमेरिकी परराष्ट्र खात्याची संस्था इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी मँडरिनला २,२०० वर्गतास धरते. ते राजदूतांच्या कामाचं चिनी झालं, भाव करायला तेवढं लागत नाही. पण २२ ला २,२०० च्या शेजारी ठेवून बघायला हरकत नाही.

चौथा_सूर
हिशेब बरोबर. पण तासांपेक्षा त्या तासांत काय होतं ते बघा. व्हिडिओला तुमचं ऐकू येत नाही, दुखणं सगळं तिथेच आहे. म्हणून फुकटचे तीन धडे हातात घड्याळ घेऊन बघा, समोर काय येतंय ते टिपा.

पहिलं, शांतता मोजा. बाईंनी वाक्य म्हटल्यावर तुम्हाला म्हणायला किती सेकंद सोडले? तीन सेकंद तरी हवेत. दहा मिनिटांत अशा पंधरा-वीस जागा नसतील तर तो धडा नाही, भाषण आहे. 'पॉज करून म्हणा' असं कोर्सवाले सांगतात. पाचव्या धड्यानंतर कुणी पॉज करत नाही.

दुसरं, तिसऱ्या सुराचं काय केलंय ते ऐका. (चिनीत चार सूर, सूर बदलला की शब्द बदलतो. खाली अक्षरामागचा आकडा म्हणजे त्याचा सूर.) पुस्तकात तिसरा सूर खाली जाऊन वर येणारा दाखवतात. रोजच्या बोलण्यात, पुढे दुसरा शब्द असला की तो बहुतेक वेळा फक्त खालीच राहतो, वर येतच नाही. प्रत्येक वेळी झोका घेऊन दाखवत असतील तर शिकणारा पुढे वर्षभर झोकेच घेत राहतो. आणि दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिला दुसऱ्या सुरात जातो. 'नमस्कार'ला लिहितात नी३ हाओ३, म्हणतात नी२ हाओ३. पहिल्याच धड्यात हा शब्द येतो. लिहिलेलं एक आणि बोललेलं दुसरं, आणि त्यावर अवाक्षर नाही, असं असेल तर पुढेही तेच होणार. तसंच 'नाही'चा पू४. पुढे चौथा सूर आला की पू२ होतो.

तिसरं, अनुक्रमणिका उघडा आणि 'सुरांच्या जोड्या' असा धडा शोधा. सुटा मा१, मा२, मा३, मा४ सगळेच शिकवतात, ते एका दुपारचं काम आहे. भाषा दोन-दोन अक्षरी शब्दांत चालते. पहिल्या जागी चार सूर, दुसऱ्या जागी चार आणि एक हलका, म्हणजे जोर न देता उरकलेला, अशा २० जोड्या. त्यातली ३-३ ऐकायला २-३ सारखीच, म्हणजे कानाला १९. प्रत्येकीचे पाच-सहा शब्द घटवून घेतलेले हवेत. ६४ पैकी एकच व्हिडिओ सुरांवर असेल आणि चौथ्या धड्यापासून 'हॉटेलात', 'विमानतळावर' सुरू होत असेल, तर माझ्या मते तो घेऊ नये.

तुमच्या धंद्यात तर हे थेट पैशाशी येतं. माइ३ म्हणजे घेणं, माइ४ म्हणजे विकणं. आवाज तोच, फरक फक्त सुराचा.

कडकभाकरी
काय बे, एवढं कशाला? पिनयिन एकदा मराठीत लिहून काढायचं आणि वाचत सुटायचं. आपली लिपी आहे की, काहीही लिहिता येतं.

चौथा_सूर
लिपी आहे, पण लिहून काढणारे रोमन बघून लिहितात, ऐकून नाही. तिथेच घोळ होतो. नीट लिहिलं तर मराठी माणसाला इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा सोपं जातं, कारण चिनीत ब-प असा भेद नाही, प आणि फ असा आहे. म्हणजे श्वास न सोडलेला आणि सोडलेला. तो आपल्या तोंडात आहेच.

रोमन बी म्हणजे प. रोमन पी म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ, 'प्ह'. हल्ली 'फूल'सुद्धा दात ओठावर ठेवून म्हणतात, तो इथे चालत नाही, कारण तो रोमन एफ आहे आणि चिनीत वेगळा मोजला जातो. डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जीभ आपल्यापेक्षा किंचित मागे. जी म्हणजे क, के म्हणजे ख. म्हणजे बेइजिंग प्रत्यक्षात पेइ३ चिङ१ च्या जवळ जातं.

आता खरी गंमत. रोमन झेड म्हणजे 'चाक', 'चोर' मधला च. जे म्हणजे 'चित्र', 'चार' मधला च. हे दोन च हिंदीवाल्याकडे नाहीत, आपल्याकडे आहेत. क्यू म्हणजे छ. सी म्हणजे 'चाक'मधल्या च ला श्वास जोडायचा. हा आपल्याकडे नाही, बसून शिकावा लागतो. झेडएच साठी जीभ 'ट' च्या जागी वळवून च म्हणायचा, सीएच तसाच पण श्वासासकट. एसएच म्हणजे खराखुरा ष, शाळेत 'पोटफोड्या' म्हणून शिकवलेला आणि नंतर कुणीच न उच्चारलेला. एक्स म्हणजे श, पण जिभेचं टोक खालच्या दातांमागे.

हिंदीतून शिकवणारे कोर्स बघताना हेच तपासा. वहीत बी समोर ब आणि जे समोर ज लिहिलेला असेल तर वही मिटा.

आपल्याच गावचं उदाहरण घ्या. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर १९१०, वैद्यकीय पथकातून १९३८ साली चीनला गेले, १९४२ साली तिथेच वारले. भैय्या चौकात स्मारक आहे. त्यांचं चिनी नाव रोमनवरून वाचलं की 'के दिहुआ' होतं. म्हणायचं असतं खऽ१ ती४ ह्वा२. खऽ मधला स्वर 'ए' नाही, ओठ न गोल करता घशाकडून काढलेला 'अ' आहे. ह्वा२ म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी तो आहे. तीन अक्षरांत पहिला, चौथा, दुसरा असे तीन सूर येतात. कोर्समधल्या शिक्षकाची परीक्षा घ्यायला नाही, पण स्वतःची घ्यायला हे नाव फार चांगलं आहे.

सातरस्ता
यात एक भर. सोलापुरात निम्म्या घरांत तेलुगू नाहीतर कन्नड. तिथे बोलताना 'ख', 'थ', 'फ' यांचा श्वास बराच पातळ होतो. मराठी शाळेत शिकलेल्यांचंही घरचं बोलणं तसंच राहतं. ज्याचं असं आहे त्याने चौथा_सूर म्हणतायत तो 'आयता फायदा' आहे असं गृहीत धरू नये. सोपी चाचणी : तोंडासमोर चार बोटांवर पातळ कागदाची पट्टी धरा. 'प' ला हलता कामा नये, 'प्ह' ला स्पष्ट उडाली पाहिजे. चाकातला च मात्र तेलुगूतही आहे, तिथे अडत नाही.

चौथा_सूर
@सातरस्ता बरोबर, हे माझ्याकडून राहिलं.

पिनयिनमधले आणखी खड्डे, कोर्सने वेळेवर सांगायलाच हवेत असे. जे, क्यू, एक्स आणि वाय नंतर लिहिलेला यू हा ऊ नसतो. ओठ ऊचे ठेवून आतून ई म्हणायची. एसनंतर किंवा एसएचनंतरचा आय हा ई नसतो. 'चार' हा आकडा म्हणजे स ची जीभ तशीच ठेवून लांबवलेला आवाज, चौथ्या सुरात. 'दहा' म्हणजे ष ची जीभ तशीच ठेवून लांबवलेला, दुसऱ्या सुरात. चौदा म्हणजे दहा-चार, चाळीस म्हणजे चार-दहा. फोनवर भाव ऐकताना याच जागी पाय घसरतो. आणि आयएएन हे यान नाही, येन. पैसे म्हणजे छ्येन२. 'किती पैसे?' तुओ१ षाओ छ्येन२, मधला षाओ हलका.

धोटा
पॅनलसाठी हा कोर्स घेऊ नका, सरळ सांगतो. पॅनलवर तीस-चाळीस शब्द फिरून फिरून येतात आणि ते ओळखायचे असतात, बोलायचे नसतात. प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढा, चिनी चिन्ह आणि मराठी अर्थ समोरासमोर लावा, छापून लॅमिनेट करून मागाला अडकवा. सुरू, बंद, बिघाड, रीसेट, वेग, मोजणी. आठवड्याचं काम.

कॅमेऱ्याने भाषांतर करणाऱ्या ॲपवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. ताण्यासाठी (उभ्या धाग्यासाठी) जे अक्षर आहे त्याचा दुसरा अर्थ रेखांश आणि बाण्याच्या (आडव्या धाग्याच्या) अक्षराचा अक्षांश. बाण्याचा धागा तुटून माग थांबला की पॅनलवर दोन अक्षरं येतात, 'बाणा' आणि 'थांब'. ॲप त्याचं 'अक्षांश थांबा' करू शकतं. पहाटेच्या पाळीतल्या कामगाराने त्यातून काय घ्यायचं? म्हणून तक्ता माणसाने तपासलेला हवा.

दोन्ही अक्षरं ओळखायची खूण : डावीकडे तीन फटकाऱ्यांचं एकच चिन्ह आहे, वर दोन मोडलेल्या रेघा आणि खाली तिरका फटका. ते रेशमाच्या धाग्याचं. उजवा भाग वेगळा. डाव्या बाजूला धागा दिसला की कापड, सूत, दोरी यांच्याशी नातं असण्याची शक्यता भरपूर. टॉवेलवाल्यांनी शिकायचं पहिलं चिन्ह हेच. (आणि आपण इथे धाग्यातच बोलतोय.)

भाव करण्याबद्दल दोन गोष्टी, ज्या साध्या कोर्समध्ये घाईत जातात.
चिन१ म्हणजे किलो नाही, अर्धा किलो, ५०० ग्रॅम. किलो म्हणजे कुङ१ चिन१. आपल्याकडे टॉवेल वजनावर जातो, त्यामुळे समोरचा '३० चिन१ला' म्हणाला तर किलोला ६० झाले. वर टॉवेलला म्हणतात माओ२ चिन१. तो चिन१ वेगळा, अक्षर वेगळं, पण आवाज आणि सूर अगदी तोच. कागदावर लिहून घ्या. युआन लिहितात, तोंडाने ख्वाइ४ म्हणतात.
मोठे आकडे चार-चार शून्यांनी चालतात. वान४ म्हणजे दहा हजार. आपला लाख म्हणजे १० वान, अडीच लाख म्हणजे २५ वान, कोटी म्हणजे हजार वान. कोर्सच्या आकड्यांच्या धड्यात शंभरावर गाडी थांबत असेल तर व्यापाऱ्याला तो धडा अपुरा.

हळू_वाचक
@धोटा तक्ता पटला. पण 'ओळखण्यापुरती अक्षरं' हे फोनवर बोलणाऱ्यालाही लागू करू नका. अक्षरं नाही शिकलात तर दोनशे शब्दांनंतर सगळे शब्द एकसारखे ऐकू येऊ लागतात. दोन चिन१ चं उदाहरण तुम्हीच दिलंत. अक्षर डोळ्यासमोर असलं की ते दोन शब्द राहतात, नाहीतर एकच.
कोर्स अक्षरं कशी शिकवतो ते एका अक्षरावर तपासा. 'आई'. डावीकडे बाई, उजवीकडे घोडा. घोड्याचा आईशी संबंध नाही. घोडा म्हणजे मा३, तो फक्त आवाज सुचवतो. तीन फटकारे डावीकडे, तीन उजवीकडे. 'ही आई घोड्यासारखी राबते' अशी गोष्ट सांगून मोकळे होत असतील तर पुढच्या अक्षराला नवी गोष्ट लागणार. 'एक बाजू अर्थाची, एक बाजू आवाजाची' हे सांगितलं तर पुढची शेकडो अक्षरं सोपी जातात.

धोटा
युनिट चालवणाऱ्याला रोज ४५ मिनिटं आहेत. त्यात लेखन घातलं तर बोलणं मरेल. ओळख हवी, हाताने लिहिणं नको. फोनवर पिनयिन टाइप करून अक्षर निवडता आलं म्हणजे पुरे.

हळू_वाचक
हाताने लिहिणं पहिल्या पन्नास अक्षरांपुरतं, फटकाऱ्यांचा क्रम बसेपर्यंत. पुढे टाइप करा. याच्या खाली मी येणार नाही.

टॉवेल_जकार्ड
सगळ्यांचे आभार. फुकटचे तीनही धडे घड्याळ लावून बघितले, निकाल असा :
धडा १ (१९ मि.) : म्हणायला सोडलेल्या जागा ६. नी हाओचा सूरबदल सांगितला आहे, पण तिसरा सूर प्रत्येक वेळी झोक्याचा.
धडा २ (२३ मि.) : बी-पी, डी-टी तोंडासमोर कागद धरून दाखवलंय. चांगलं वाटलं. मागे संगीत वाजत राहतं.
धडा ३ (२० मि.) : जागा ९. पिनयिन आणि अक्षरं दोन्ही व्हिडिओतच छापलेली, बंद करता येत नाहीत.
अनुक्रमणिकेत सुरांच्या जोड्यांचे २ व्हिडिओ. आकडे ९९ पर्यंत. आवाजाच्या वेगळ्या फाइली नाहीत. शंका विचारायला वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवरचा ग्रुप.

सातरस्ता
वीचॅट जून २०२० पासून भारतात बंद आहे. म्हणजे तुमच्यासाठी शंकानिरसन शून्य. कोर्सवाल्यांना विचारा, ईमेलवर आवाजाची फाइल ऐकून सुधारून देतील का. 'नाही' म्हटले तर ४,४९९ ही फक्त व्हिडिओंची किंमत आहे, असं धरून चला.
पैसे परदेशी चलनात कापले जाणार असतील तर कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या. चलनबदलाचं साधारण २ ते ३.५ टक्के बँक लावते आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. दरमहा वर्गणीचा कोर्स असेल तर परदेशी आपोआप-कपात आपल्या कार्डांवर पुष्कळदा अडकते आणि मधेच खातं बंद पडतं. एकरकमी आहे ते त्या दृष्टीने बरंच.

चौथा_सूर
संगीत हा मोठा दोष आहे. सूर म्हणजे आवाजाची पट्टी, आणि मागे पेटी वाजत असताना नवख्याला पट्टी कळत नाही. छापील पिनयिनवर उपाय : स्क्रीनच्या त्या पट्टीवर चिकटपट्टीने कागद लावा. हसू नका, चालतं.

तुमचं ऐकणारं कुणी नसेल तर निदान बघणारं काहीतरी हवं. 'प्रात' नावाचा फुकट प्रोग्रॅम संगणकावर घ्या. नवीन मोनो रेकॉर्डिंग, मग 'व्ह्यू अँड एडिट', मग पिच दाखवा. पट्टीची मर्यादा पुरुषाच्या आवाजाला ७५ ते ३०० हर्ट्झ, बाईच्या आवाजाला १०० ते ५००. निळी रेघ दिसते. पहिला सूर उंच सपाट, दुसरा चढता, तिसरा तळाला, चौथा वरून घसरणारा. बाईंचा शब्द वर, तुमचा खाली, रेघा ताडून बघा. उंची जुळायची गरज नाही, आकार जुळला पाहिजे.
दोन सूचना. तिसऱ्या सुरात रेघ मध्येच तुटते, कारण आवाज घोगरा होतो. ती चूक नाही. आणि कारखान्यात रेकॉर्ड करू नका. मागाच्या खडखडाटात रेघ भरकटते आणि नसलेले सूर दाखवते.
मराठी माणसाची ठरलेली चूक अशी : प्रश्न विचारताना आपण वाक्याचं शेपूट वर नेतो. त्यात शेवटचा चौथा सूर दुसरा होऊन बसतो. चिनीत प्रश्नासाठी शेवटी हलका 'मा' लावतात, शेपूट वर न्यायचं कारण नाही. 'विकता का?' विचारताना माइ४ घसरलाच पाहिजे.

कडकभाकरी
ब्लूटूथ लावून ऐकलं तर चालतं का बे? गाडीवर जाता-येता.

चौथा_सूर
ऐकायला चालतं. ऑनलाइन बोलत्या तासाला नको. माइक सुरू झाला की साधे ब्लूटूथ हेडफोन फोन-कॉलच्या मोडमध्ये जातात आणि वरचे आवाज कापतात. सूर कळतात, पण स, श, ष यांतला फरक वरच्या आवाजातच असतो, तो जातो. वायरचा हेडफोन लावा. गाडीवर मात्र काहीच नको, सात रस्त्याची वाहतूक बघताय ना.

हळू_वाचक
माझं मत : घ्यायचा असेल तर उच्चार आणि व्याकरणाचं पुस्तक म्हणून घ्या, मास्तर म्हणून नाही. त्याआधी पेकिंग विद्यापीठाचा कोर्सेरा साइटवरचा आणि त्सिंगह्वा विद्यापीठाचा एडएक्स साइटवरचा नवशिक्यांचा कोर्स, दोन्हींचे सुरुवातीचे धडे त्याच घड्याळाने मोजा. मग आठवड्यात दोनदा अर्धा तास जिवंत शिक्षक, फक्त बोलायला. सगळ्या चीनची वेळ एकच, आपल्यापुढे अडीच तास. तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे सोलापुरात साडेसहा. शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा : इंग्रजीत समजावू नका, सूर चुकला की तिथल्या तिथे थांबवा. भिडस्त शिक्षक 'फार छान' म्हणत राहतात. त्याचे पैसे देऊ नका.
४५ मिनिटांची वाटणी : १५ उजळणी, १५ नवा धडा, १५ मोठ्याने बोलणं आणि रेकॉर्डिंग. उजळणीला अँकी, कार्डं फिरवून विचारणारं ॲप. अँड्रॉइडवर फुकट. कार्डाच्या पुढच्या बाजूला फक्त आवाज, मागे अक्षर, अर्थ, सूर. पिनयिन पुढे ठेवलं की डोळा वाचतो, कान झोपतो. रोज दहाच नवी कार्डं घ्या. तेवढ्यातही महिनाभरात रोजची उजळणी सत्तर-ऐंशीवर जाते. वीस घेणारे तिसऱ्या आठवड्यात ॲप काढून टाकतात. यात्रेच्या गड्ड्यात किंवा दिवाळीत चार दिवस खंड पडणार असेल तर आठवडाभर आधी नवी कार्डं बंद करा.

सातरस्ता
रिफंडचे सात दिवस वाया घालवू नका. पहिल्या दिवशी धडा १ परत बघू नका, थेट ३०, ४५ आणि ६० उघडा. पुष्कळ कोर्समध्ये पहिले दहा व्हिडिओ मन लावून केलेले आणि पुढचे एका बैठकीत उरकलेले असतात. पुढे बोलायच्या जागा कमी झाल्यात का, अक्षरं मोठी करून दाखवतात का की नुसती वाचतात, एवढं तपासा. चौथ्या दिवशी निर्णय, पाचव्या दिवशी लेखी ईमेल, स्क्रीनशॉट जपून.

टॉवेल_जकार्ड
ठरलं. आधी ईमेल टाकतो : यादी कोणती, आवाजाच्या फाइली मिळतील का, वीचॅटऐवजी काय. उत्तर आल्यावर इथे टाकेन. पॅनलचा तक्ता या आठवड्यात, @धोटा तुम्ही एकदा नजर टाका. तोवर प्रातमध्ये कोटणीसांचं नाव तीनदा रेकॉर्ड करून रेघेचं चित्र जोडलंय.

चौथा_सूर
बघितलं. खऽ१ सपाट आहे, उंचीही टिकली आहे. ती४ छान घसरलाय. ह्वा२ मात्र चढत नाहीये, चौथ्याच्या तळाला जाऊन तिथेच बसतोय. चार-दोनच्या जोडीत हे होतं. ती४ संपल्यावर जिथे आवाज पोहोचलाय तिथूनच वर निघायचं, मध्ये दम घ्यायचा नाही. आधी नुसतं ती४ ह्वा२ दहा वेळा, मग पुढे खऽ१ जोडा. आणि चित्राच्या तळाशी ती जाड सपाट रेघ दिसतेय ती तुमची नाही, पंख्याची असावी. पंखा बंद करून परत टाका.